घरच्या पडद्यावर ‘संत तुकाराम’

एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहणे ही गोष्ट पूर्वी प्रेक्षकाच्या हाती नव्हती. चित्रपटगृहाचा मालक तो पुन्हा आणील तेव्हा, आणि जी प्रत उपलब्ध असेल ती, मग ती झिजलेली असो वा ठिकठिकाणी सांधलेली असो, पाहून समाधान मानावे लागे. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढच्या पिढ्यांना मात्र तो मिळेल तेव्हा आणि मिळेल तिथे पाहावा लागला. तोच चित्रपट आता प्रथम फितीवरून, मग तबकडीवरून आणि अलीकडे आंतरजालावरून घरात आला आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना या सोयीचे मोल अधिक. बंगळूरच्या वायव्येचे यशवंतपूर पुष्कळांना केवळ रेल्वेस्थानक म्हणून ठाऊक असते. हुबळी-अर्सिकेरे-तुमकूर या मार्गाने येणाऱ्या गाड्या तेथे पोहोचतात. जवळच टाटांच्या देणगीतून १९०९ साली उभी राहिलेली विज्ञानसंस्था आहे आणि पलीकडे कारखान्यांची वस्ती आहे. नोकरीनिमित्त अशा ठिकाणी स्थिरावलेल्या मराठी घरातील मुले शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड आणि स्वयंपाकघरात मराठी बोलतात. त्यांच्यापुढे आजोबा जेव्हा ‘तुकाराम’ लावतात, तेव्हा एक जुना बोलपट दाखवावा एवढाच त्यांचा हेतू नसतो. या मुलांच्या कानांवर अस्सल मराठी बोलणे पडावे, ही आसही त्यामागे असते.

मुळात हे पाहायला मिळते यातच दैवाचा मोठा भाग आहे. कन्नडमधील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापुरात चित्रित होऊन १९३४ मध्ये बंगळुरास प्रदर्शित झाला. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या आपोआप कुजतात, आणि पेटल्या तर विझवणे कठीण. पुण्यात ‘प्रभात’च्याच जुन्या आवारातील नायट्रेट भांडाराला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि बहुमोल फिती भस्मसात झाल्या. ‘तुकारामा’ची सुरक्षित फितीवर नक्कल झालेली होती, म्हणून तो वाचला.

परंतु घरी आलेला चित्रपट जसाच्या तसा येतो असे नाही. त्या वेळचे चित्र जवळजवळ चौकोनी असे. आजचा दूरचित्रवाणी संच आडवा, लांबट. त्यावर चित्र ताणून बसवले की विष्णुपंत पागनीसांचा कृश तुकाराम गुटगुटीत दिसू लागतो. संचाच्या मांडणीत जुने प्रमाण निवडावे. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्याव्यात. आवाजाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चालतो, आणि आपल्याकडील जुनी दूरचित्रवाणी पद्धत २५ चित्रांची. पुष्कळदा फीत थोडी वेगाने फिरवूनच हा मेळ साधला जाई. अशा प्रतीत १३१ मिनिटांचा खेळ सुमारे पाच मिनिटे आधी संपतो आणि गळा वर चढतो. षड्ज व कोमल ऋषभ यांत जेवढे अंतर आहे, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश. संगीतप्रधान चित्रपटात हा फरक लहान म्हणता येणार नाही.

याउलट, घरी जे साधते ते चित्रपटगृहात साधत नव्हते. हवा तो भाग थांबवता येतो, मागे नेता येतो. तुकोबा अभंग म्हणतात आणि सालोमालो तेच अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐकावीत. केशवराव भोळे यांनी तुकोबांच्या गळ्यात साधी, बोलण्यातून सहज उमलणारी चाल ठेवली आहे. सालोमालोच्या गळ्यात दिखाऊ हरकती. शब्द चोरता येतात, चाल मात्र माणसाला उघडे पाडते, हे संगीतकाराने एका वाक्याचेही स्पष्टीकरण न देता दाखवले आहे. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले बीज आणि वृक्ष यांवरील पद तर इतके जमून गेले की जाणत्यांनीही ते गाथ्यात शोधले.

दुसऱ्यांदा पाहताना नजर जिजाईकडे वळते. लहानपणी तरंगून वर आलेल्या वह्या आणि आकाशात निघालेले विमान एवढेच लक्षात राहिलेले असते. दामले आणि फत्तेलाल यांनी तुकोबांच्या बरोबरीने त्यांच्या घरातली उपासमारही तितक्याच आदराने चित्रित केली आहे, हे वय वाढल्यावर कळते. स्टुडिओत किरकोळ कामे करणाऱ्या गौरीबाईंनी ही जिजाई साकारली. आजारी मुलासाठी ती देवळात शिरते आणि पायातली वहाण घेऊन विठोबावर धावते. तिचा राग आणि तिची श्रद्धा ही एकाच माणसाशी चाललेली भांडणे वाटतात. तिची एकेरी, फटकळ, मावळातली भाषा तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळींत उतरत नाही. तिथे ती नुसती रागावलेली बायको होते. म्हणून यशवंतपूरच्या घरात तबकडी थांबवून मुलांना तिचे शब्द समजावून द्यावे लागतात, आणि खेळ तीन तासांवर जातो.

शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा ती सोबत जात नाही. तिची मुले घरी आहेत, म्हैस दारात आहे. पुष्कळांना त्या क्षणी विमानाचा कळसूत्री डौल आठवतो. पण चित्र थांबवून पाहावे ते खाली उभ्या असलेल्या बाईकडे.