सही करण्याआधी हिशेब करू

लेकीला एमबीबीएसला खासगी कॉलेज मिळालं, की घरात पेढे येतात आणि मागोमाग फीचा आकडा. मग फायनान्स कंपनीचा माणूस म्हणतो, "आत्ता फक्त सही करा, फेडायचं नंतर बघू." आज आम्ही या 'नंतर'बद्दल बोलणार आहोत.

एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. समजा, 20 लाख रुपये 14 टक्के व्याजाने सुरुवातीलाच उचलले. वर्षाचं सरळव्याज झालं 2 लाख 80 हजार. साडेपाच वर्षांत 15 लाख 40 हजार. म्हणजे लेक डॉक्टर होईतो देणं 35 लाख 40 हजारांवर जातं. व्याजावर व्याज लागलं, तर याहून जास्त.

लक्षात ठेवा, हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. शिक्षण अर्धवट सुटलं तरी कर्ज सुटत नाही. सहकर्जदार म्हणून आईची सही असेल, तर वसुली आईकडेही येते. जमीन गहाण असेल, तर तीही जाऊ शकते.

म्हणून आधी महाडीबीटीवर शिष्यवृत्ती बघा. मग सरकारी बँकेत विचारा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरही अर्ज करता येतो. तरीही खासगी कर्ज घ्यायचंच झालं, तर तीन गोष्टी लेखी मागा: व्याज कधीपासून लागणार? दर बदलणार का? शिक्षण सुटलं तर फेड कशी?

तो कागद गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. सगळ्यांना समजला, की मगच सही.