पिंगळ्याच्या नावाचे पतंग

पावसाळा सुरू झाला की खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत दिव्याभोवती करड्या-तपकिरी पतंगांची गर्दी होते. त्यांत 'नॉक्टुइड' पतंग हमखास असतात. लॅटिनमध्ये 'नॉक्टुआ' म्हणजे पिंगळा. फुलपाखरांच्या वाट्याला येणारे कौतुक मात्र या निशाचरांना क्वचितच लाभते.

भारतातील या पतंगांची पहिली पद्धतशीर मांडणी जॉर्ज हॅम्पसन यांनी केली. निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या या गृहस्थाने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतील पतंगांचे चार खंड 1892 ते 1896 या काळात लिहिले. त्यांच्या वर्गीकरणाचा मुख्य आधार पंखांतील शिरा हा होता. मागच्या पंखाची एक विशिष्ट शीर ठळक असेल तर एक गट, क्षीण असेल तर दुसरा. ही खूण आजही उपयोगी पडते. पण तिच्यावर उभे केलेले कुलांचे चौकट-आराखडे टिकले नाहीत. गुणसूत्रांतील डीएनएच्या अभ्यासानंतर ठळक शिरेचे बहुतेक पतंग 'एरेबिडी' या वेगळ्या कुलात गेले. 2011च्या जागतिक गणनेत त्याच्या सुमारे साडेचोवीस हजार जाती नोंदल्या गेल्या, तर 'नॉक्टुइडी'च्या सुमारे बारा हजार.

याच एरेबिडीत 'हर्मिनिनी' हा उपेक्षित उपगट मोडतो. त्यातील अनेकांच्या अळ्या जंगलातील वाळलेला पाला खातात, म्हणजे मातीला खत देण्याच्या कामाला हातभार लावतात. मात्र रंग मातकट आणि पंखांवरच्या रेषा परस्परांशी मिळत्याजुळत्या. त्यामुळे नुसत्या छायाचित्रावरून जात सांगणे बहुधा धाडसाचेच ठरते. अभ्यासकाला मृत नमुन्याच्या उदराचा शेवटचा भाग क्षाराच्या द्रावणात मऊ करून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. शिवाय जुने मूळ नमुने बऱ्याच प्रमाणात लंडनच्या संग्रहालयात आहेत!

ओळख चुकल्यास काय होते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. 2018 मध्ये अमेरिकेतील लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात मक्यावर आढळली. देशी लष्करी अळीशी तिची गल्लत होऊ नये म्हणून डोक्यावरची उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण आणि शेपटीजवळचे चौकोनात मांडलेले चार ठिपके पाहिले जातात. हीसुद्धा नॉक्टुइडच. तिच्या खुणा आज गावोगावी माहीत आहेत. पाला कुजवणाऱ्या तिच्या दूरच्या नातलगांच्या अळ्यांपैकी कित्येकींचे साधे वर्णनही झालेले नाही.