प्रोग्रॅम चालला, म्हणजे काम संपले का?

प्रोग्रॅम लिहिणे आणि सॉफ्टवेअर उभारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र हा भेद पटवून देणे सोपे नसते. प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थी शे-दोनशे ओळींचा प्रोग्रॅम एकट्याने लिहितो, अपेक्षित उत्तर आले की जर्नलवर सही घेतो आणि तो पुन्हा उघडूनही पाहत नाही. व्यवसायात नेमके उलट घडते. तेथे इतरांनी लिहिलेले, वर्षानुवर्षे वापरातले सॉफ्टवेअर अनेकांनी मिळून सांभाळायचे असते.

ही अडचण जुनीच आहे. मोठे प्रकल्प रखडतात, खर्च हाताबाहेर जातो, या चिंतेतून १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'च्या पुढाकाराने परिषद भरली. 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा तेथूनच रूढ झाली.

चूक जिवावर बेतते तेव्हा

या विषयाच्या वर्गात 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राचे उदाहरण आवर्जून दिले जाते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रात धोका रोखणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली. तंत्रज्ञाने चुकीची नोंद काही सेकंदांत दुरुस्त केली, तर पडद्यावर बदल दिसे. यंत्राची आतील मांडणी मात्र जुन्याच नोंदीप्रमाणे राहू शके. सावकाश केलेल्या चाचणीत हा दोष सापडणे कठीण होते. दोष केवळ काही ओळींत नव्हता, तर तपासणीच्या पद्धतीत आणि यंत्रावरील अतिविश्वासातही होता.

शिकवायचे कसे?

अशी जाण केवळ व्याख्याने ऐकून येत नाही. म्हणूनच अनेक विद्यापीठांत गटाने करायच्या प्रकल्पावर भर असतो. प्रकल्प अर्ध्यावर असताना ग्राहकाची मागणी बदलणे, एका गटाचे काम दुसऱ्या गटाकडे सोपवणे, चाचण्या आधी लिहायला लावणे, असे उपाय त्यात योजता येतात. अर्थात, गटात कोणी किती काम केले, हे ठरवताना शिक्षकांचीही कसोटी लागते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात प्रोग्रॅम लिहून देते. त्यामुळे लिहिण्याचे श्रम कमी होतील. पण लिहिलेले वाचणे, तपासणे आणि त्याची जबाबदारी घेणे टळणार नाही. गुण द्यायचेच असतील, तर ते या कामासाठीही द्यावे लागतील.