बैलाच्या खांद्याचा मज्जातंतू व त्याची इजा

ऐन पेरणीच्या दिवसांत चांगला कमावता बैल एकाएकी पुढील पायाने लंगडू लागतो. खूर तपासावा तर काटा नाही, जखम नाही. पंधरा दिवसांत त्याच बाजूच्या फऱ्यावरील मांस झडते व हाडाचा कणा वर दिसू लागतो. अशा बैलास पुष्कळ ठिकाणी निकामी समजून बाजार दाखविला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा हाडात अगर सांध्यात नसून एका मज्जातंतूत असतो, व वेळीच विश्रांती मिळाल्यास असे कित्येक बैल पुन्हा कामास लागतात.

रचना

गुरांना गळ्याचे हाड नसते. त्यांचा पुढील पाय धडाशी केवळ स्नायूंनी बांधलेला असतो. खांद्याच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंस बळकट बंधनेही नसतात; ते काम फऱ्याच्या हाडावरील कण्याच्या पुढे व मागे असलेले दोन स्नायू करतात. या दोन्ही स्नायूंना चेतना देणारा मज्जातंतू मानेच्या मणक्यांतून निघून फऱ्याच्या निमुळत्या भागाच्या पुढील कडेवरून वळसा घेतो. या वळणावर तो हाडाला अगदी लागून असल्यामुळे समोरून बसलेल्या माराने सहज चेंगरतो किंवा ताणला जातो.

इजेची कारणे

जू मानेवर, वशिंडाच्या पुढे बसते. त्यामुळे ते या मज्जातंतूवर सहसा थेट दाबत नाही. गोठ्याच्या खांबावर आदळणे, दुसऱ्या जनावराची धडक, चिखलात पाय घसरून मागे अगर बाहेर ताणला जाणे, नाल ठोकताना बैलास कठीण जमिनीवर बेताल पाडणे, ही नेहमीची कारणे होत. घोड्यांत मात्र गळ्यातील न बसणाऱ्या पट्ट्यानेही ही इजा होते.

लक्षणे

पायावर भार येताच खांदा बाहेरच्या बाजूस उचकतो. चालताना पाय बाहेरून वळवून पुढे टाकला जातो. पुढे स्नायू झडतात. ताप नसतो. याउलट ताप, खाणे बंद होणे व दाबल्यास चरचर वाजणारी सूज असल्यास तो फऱ्या रोग समजून तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. त्यात काही तासांचा विलंबही घातक ठरतो. कोपर खाली लोंबून खुराचे टोक जमिनीवर घासत असेल, तर इजा दुसऱ्या मज्जातंतूची असते.

उपाय

बैलास त्याच क्षणी जुवाखालून सोडावे. पहिले एक-दोन दिवस खांद्यावर गार पाण्याच्या कापडाच्या घड्या दर खेपेस पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवाव्यात. जमीन सपाट व मऊ असावी, खाली काड अंथरावे. सूज उतरल्यावर हलक्या हाताने चोळावे व थोडे थोडे चालवावे. डाग देणे किंवा बिब्बा लावणे यांनी मज्जातंतू सुधारत नाही, उलट कातडी जळून नवी जखम होते. वेदनाशामक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. डायक्लोफेनॅक मात्र देऊ नये; ते टोचलेले जनावर मेल्यास त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात, म्हणून २००६ साली केंद्र शासनाने जनावरांसाठी त्याच्या वापराविरुद्ध पाऊल उचलले.

सौम्य मार असल्यास काही दिवसांत ते काही आठवड्यांत आराम पडतो. तंतू आतून तुटला असल्यास तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच वाढतो. म्हणून काही महिने धीर धरावा लागतो. तंतू पूर्ण तुटून त्याची टोके दूर गेली असल्यास सुधारण्याची आशा थोडी असते. अर्धवट बऱ्या झालेल्या बैलास नांगरास जुंपल्यास सैल सांधा वारंवार उचकून कायमचा बिघडतो.

ग्रामसेवकांनी गावात असा बैल आढळल्यास धन्यास वरील गोष्टी समजावून द्याव्यात आणि तो विकण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखविण्याचा आग्रह धरावा. गोठ्याचे दार रुंद ठेवणे, खांबांच्या कडा गुळगुळीत करणे व नाल ठोकताना बैल काडावर अगर वाळूवर पाडणे, एवढ्या काळजीने ही इजा बव्हंशी टळते.