ई-मेलचा पत्ता हातचा राखून

मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच ई-मेल पाठवला. कंपनीच्या नव्या संगणकांची प्रात्यक्षिकं कॅलिफोर्नियात होणार होती, त्याचं ते निमंत्रण. न मागता आलेल्या या जाहिरातीवर लोक चांगलेच भडकले. ई-मेलवरचा पहिला स्पॅम म्हणून आज त्याच निमंत्रणाची नोंद घेतली जाते.

स्पॅमचं गणित तेव्हापासून तेच आहे. कागदी पत्रकाला छपाई आणि टपालखर्च येतो. लाखभर ई-मेलना मात्र जवळजवळ काहीच लागत नाही. त्यातले दोन-चार जण गळाला लागले तरी पाठवणाऱ्याचं भागतं. त्याला हवे असतात ते फक्त चालू पत्ते. म्हणून आपला पत्ता जपणं, हाच पहिला बचाव.

पत्ते दोन ठेवा. एक बँक, आयकर, नोकरी आणि घरच्यांसाठी. दुसरा खरेदी, लकी ड्रॉ आणि फुकटच्या वाय-फायसाठी. जीमेलवर ‘अॅट’च्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडलं, तरी मेल आपल्याच खात्यात येतो. उद्या त्याच पत्त्यावर भलतीच जाहिरात आली, तर पत्ता कुठून फुटला याचा माग लागतो.

अनोळखी स्पॅमला उत्तर देऊ नका, ‘पुन्हा पाठवू नका’ एवढंसुद्धा नाही. अशा मेलमध्ये अनेकदा एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं. मेल उघडताच ते सर्व्हरवरून मागवलं जातं आणि पत्ता चालू असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. म्हणून चित्रं आपोआप दिसण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. ओळखीच्या दुकानाचे मेल नकोसे झाले तर ‘अनसबस्क्राइब’ दाबा. अनोळखी मेलमधलं तेच बटण सापळा असू शकतं. तिथे ‘रिपोर्ट स्पॅम’च बरं.

खरा धोका जाहिरातीआड येणाऱ्या फसवणुकीचा. ‘केवायसी न केल्यास खातं आज बंद होईल’ असा मेल येतो, लोगो हुबेहूब बँकेचा. लिंक मात्र ‘बँकेचं नाव, डॉट, केवायसी-अपडेट, डॉट कॉम’ अशी असते. यात ‘डॉट कॉम’च्या लगेच आधी जे नाव आहे, त्याच्याच मालकीची ती साइट. त्याच्याही आधी बँकेचं नाव कुणीही चिकटवू शकतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं, ते ग्राहकाला खरी साइट ओळखता यावी म्हणून. तरीही लिंकवरून जाऊच नका. बँकेचं अॅप स्वतः उघडा.

एसएमएसचंही तसंच. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ सेवा, ‘टी’ व्यवहार, ‘जी’ सरकारी. जाहिराती नकोत तर १९०९ वर डीएनडी नोंदवा.

घरातल्या ज्येष्ठांना हे शेजारी बसून दाखवा. आणि कुणी फसलंच, तर ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ असं विचारू नका. बोलणी खायच्या धास्तीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पसार होतात. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.