पाण्याची खूण ओळखणाऱ्या लहरी

स्तनातील कर्करोगाची गाठ काढताना शल्यविशारदापुढे एक बिकट प्रश्न उभा राहतो. रोगट भाग कोठे संपला आणि निरोगी भाग कोठे सुरू झाला, हे नुसत्या डोळ्यांना निश्चितपणे दिसत नाही. कमी कापावे तर रोगाचा अंश मागे राहतो. अधिक कापावे तर निरोगी भागाची नाहक हानी होते. काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होण्यास बहुधा काही दिवस लागतात, आणि निर्णय प्रतिकूल आला की रुग्णेला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. ही सीमारेषा शस्त्रक्रियेच्या वेळीच दिसावी, या अपेक्षेने टेराहर्ट्झ लहरींचा अभ्यास चालू आहे.

सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधोमध या लहरींचे स्थान आहे. सेकंदाला एक लक्ष कोटी कंप पावणाऱ्या लहरीची लांबी ०·३ मिलिमीटर भरते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्यात सुमारे ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते. परंतु त्यापलीकडचा हा प्रदेश, लहरी निर्माण करण्याची व टिपण्याची सोयीस्कर साधने नसल्यामुळे, दीर्घकाळ उपेक्षित राहिला. लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी ती अडचण दूर केली. १९९५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हू व नस यांनी या लहरींनी झाडाच्या पानाचे चित्र घेतले, आणि पान सुकत जाताना त्यातील पाणी कसे घटते हे दाखविले.

वैद्यकातील उपयोगाचे बीज येथेच आहे. पाणी या लहरी फार मोठ्या प्रमाणात शोषून घेते. कर्करोगग्रस्त ऊतींत पाण्याचे प्रमाण व पेशींची रचना बदललेली असते. त्यामुळे परावर्तित स्पंदही निराळा येतो. केंब्रिज येथील संशोधकांनी त्वचेच्या व पुढे स्तनाच्या काढलेल्या ऊतींवर हा भेद दाखवून दिला. शिवाय क्ष-किरणांप्रमाणे अणूंतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्याची शक्ती या लहरींत नाही.

मात्र जो गुण, तोच दोष. पाण्यात शोषल्या जात असल्यामुळे त्या जिवंत त्वचेत मिलिमीटरच्या अंशापलीकडे फारशा शिरत नाहीत. यकृत वा फुप्फुस बाहेरून पाहणे त्यांना साधणार नाही. चरबीयुक्त ऊती व दाट ग्रंथी यांतील भेदही फसवा ठरू शकतो. म्हणून त्वचा, डोळ्याचे पारपटल आणि शस्त्रक्रियेत उघडी पडलेली ऊती हेच त्यांचे क्षेत्र होय. सूक्ष्मदर्शकाची जागा त्या घेणार नाहीत. परंतु शल्यविशारदाच्या हाताला वेळीच इशारा देऊ शकल्या, तर एखाद्या रुग्णेची दुसरी शस्त्रक्रिया टळेल. एवढे साधले तरी ते थोडे नव्हे.