झाडाची पांढरी मुळी

श्रोतेहो, बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालात की साग, ऐन, जांभूळ अशी ओळखीची झाडे भेटतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग पाने गाळतो, हे आपण दरसाल पाहतो. पण तशीच गळ जमिनीखालीही चालू असते, ती मात्र दिसत नाही.

जाड मुळे झाडाला उभे धरतात. पाणी आणि अन्नद्रव्ये शोषतात ती मुख्यत्वे बारीक मुळे. शेतकरी यालाच 'पांढरी मुळी' म्हणतो. शास्त्रज्ञ साधारणपणे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक मुळे या वर्गात धरतात. त्यांतली बहुतेक वरच्या हातभर मातीतच पसरलेली असतात.

जाड मूळ वर्षानुवर्षे जगते. बारीक मुळीचे आयुष्य थोडे, आणि तेही जातीजातींत निरनिराळे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियात बारा जातींची झाडे एकाच जागी लावली, मातीत पारदर्शक नळ्या पुरल्या आणि आत कॅमेरा सोडून मुळांवर नजर ठेवली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्मी मुळे मरून जायला एका जातीत ९५ दिवस लागले, तर दुसऱ्या एकीत ३३६. मुळी जितकी बारीक तितकी अल्पायुषी, असे दिसून आले. मुळी पोसायला लागते त्याहून अधिक ती मिळवून देते तोवरच झाड तिला सांभाळते, असे मानतात. हिशेब अगदी संसारी माणसाचा!

आपल्याकडे हा हिशेब पावसाच्या हाती. पाऊस पडला की नवी मुळी जोमाने फुटते. माती सुकली की पुष्कळशी मरते. मेलेली मुळी कुजून खत होते आणि तिच्या वाटेने पाणी खोल मुरते.

आता विचार करा, वणवा लागला तर काय होते? पाचोळा जळतो, माती उघडी पडते आणि पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरींत वाहून जाते. झाड उभे दिसते खरे, पण नव्या मुळीला जागा कुठे उरली? घर बांधताना जांभळाच्या बुंध्यापर्यंत भराव किंवा काँक्रीट घातले, तरी तीच गत. हवापाण्यावाचून मुळी गुदमरते. तेव्हा झाड राखायचे तर भोवतालची मातीही राखा.

गुरुजनांनी एक करावे. श्रावणात झाडाखालचे वीतभर मातीचे ढेकूळ चाळणीत धुऊन मुलांना दाखवावे. चैत्रात पुन्हा तसेच करावे. दोन्ही वेळा मुळ्या मोजून वहीत लिहायला लावावे. जमिनीखालची गळ मुले स्वतःच ओळखतील.